पुण्यात भाड्यानं देण्यासाठी वन बीएचके घ्यायचा आहे, भाग कसा निवडावा?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही लातूरचे. बाबा जिल्हा परिषदेतून नुकतेच निवृत्त झाले. त्यांना मिळालेले पैसे आणि थोडी माझी भर घालून पुण्यात एक वन बीएचके घ्यावा, भाड्यानं द्यावा आणि ते भाडं दर महिन्याला आई-बाबांच्या खात्यात जमा व्हावं, असा विचार आहे. सगळा खर्च धरून बजेट ४५ लाख. त्यापुढे ताणायचं नाही असं घरात ठरलं आहे.

अडचण अशी की पुण्यात आमचं जवळचं कुणीच नाही. दवाखान्याच्या निमित्तानं स्टेशनचा भाग पाहिलाय, बाकी शहर नकाशावरच. ॲपवर शोधलं की वाघोली, मोशी, उंड्री, पुनावळे, आंबेगाव, चाकण अशी नावं येतात. प्रत्येक एजंट म्हणतो की त्याचा भाग म्हणजे पाच वर्षांनंतरचं बाणेर, म्हणजे महागडा, मागणी असलेला भाग. एका बिल्डरच्या ऑफिसातून तर रोज फोन येतो, पहिल्या दोन वर्षांचं भाडं आम्हीच देऊ म्हणतात.

प्रोजेक्टची नावं नकोत. अनोळखी शहरात भाग पारखायचा कसा, काय बघायचं, कुणाला विचारायचं, हे पुण्यात राहणाऱ्यांकडून समजून घ्यायचंय. आई-बाबांच्या आयुष्यभराच्या कमाईचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिलंत तर बरं होईल.

वाकडची_वाट
दोन वर्षांचं भाडं देणाऱ्या बिल्डरला आधी नाही म्हणा. ते भाडं तुमच्याच किमतीत घालून ठेवलेलं असतं. दोन वर्षांनी खरं भाडं काय मिळतं ते तेव्हा कळतं.

४५ मध्ये वाकडला चांगल्या सोसायटीत नवा फ्लॅट बसणं अवघड. ताथवडे, पुनावळे, रावेत बघा. भाडेकरू हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतले मिळतात.

सहावा_मजला
मी गेली बरीच वर्षं पुण्यात भाड्यानं राहतोय. आधी हडपसर, मग खराडी, आता पिंपरी-चिंचवड. मालक लोक एजंटला विचारतात, बिल्डरला विचारतात, भाडेकरूला कुणी विचारत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी भाग ठरवू नका, भाडेकरू ठरवा. तुमच्या घरात कोण राहणार? आयटीतलं नवं लग्न झालेलं जोडपं? चाकण-भोसरीच्या कंपनीतला सुपरवायझर आणि त्याचं कुटुंब? तीन विद्यार्थी? तिघांच्या गरजा वेगळ्या असतात. आयटीवाल्याला कंपनीची बस जिथे थांबते तिथून चालत घर हवं. कंपनीतल्या माणसाला शिफ्ट असते, त्याला दुचाकीचं पार्किंग आणि रात्री उजेड असलेला रस्ता हवा. कुटुंबाला शाळा, दवाखाना आणि संध्याकाळची भाजी पायी अंतरावर हवी. जिम आणि स्विमिंग पूलसाठी महिना दोन हजार जास्त देणारा वन बीएचकेचा भाडेकरू मला तरी भेटलेला नाही. पण त्याच पूलचा मेंटेनन्स मालकाला भरावा लागतो.

आता प्रत्यक्ष घर बघायला जाल तेव्हा काय बघायचं ते सांगतो.

बाथरूमच्या नळाकडे आणि शॉवरकडे बघा. त्यावर पांढरा खरपुडा चढलेला असेल, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली असतील, तर तिथे बोअरचं किंवा टँकरचं क्षारांचं पाणी येतं. एजंट काहीही म्हणो. अशा घरात गीझरची कॉइल वरचेवर जाते, वॉशिंग मशीन कुरकुरतं आणि भाडेकरू अकरा महिने झाले की दुसरं घर शोधतो.

मग खाली या आणि सोसायटीचा नोटीस बोर्ड वाचा. पाण्याच्या वेळा, टँकरचा महिन्याचा खर्च, थकबाकीदारांची यादी, लिफ्ट बंद असल्याची सूचना, सगळं तिथे लावलेलं असतं. एजंट घाई करेल, पण तुम्ही वाचत उभ्या राहा.

तिसरं म्हणजे रात्री साडेआठ-नऊला त्या इमारतीसमोर उभं राहून किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. पझेशन होऊन तीन-चार वर्षं झाली आणि निम्म्या खिडक्या अंधाऱ्या असतील, तर तिथे गुंतवणूकवाल्यांचे रिकामे फ्लॅट पडून आहेत. तुम्हाला त्या सगळ्यांशी भाड्यात स्पर्धा करावी लागेल.

आणि वॉचमनशी बोला. कुठले फ्लॅट रिकामे, किती दिवस रिकामे, का सोडून गेले, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

जुनी_पेठ
वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. वाचनखूण साठवली.

एक भर. मध्यवस्तीत, म्हणजे पेठांमध्ये, कधीकधी आश्चर्य वाटेल इतकी स्वस्त जागा निघते. तिथे पागडी देऊन शिरलेला, सहज न हलणारा जुना भाडेकरू बसलेला असतो. बाहेरगावच्या माणसानं त्या वाटेला जाऊ नये.

हिशेबनीस
ताई, मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

समजा ४० लाखांचा फ्लॅट घेतलात. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार. नोंदणी फी ३० हजार. एजंट, वकील, रंग, पंखे, गीझर धरून आणखी ४०-५० हजार. झाले जवळपास साडेत्रेचाळीस लाख.

भाडं समजा १३ हजार. मधे घर रिकामं राहतंच, म्हणून वर्षाला ११ महिने धरा: १ लाख ४३ हजार. त्यातून मेंटेनन्स ३० हजार, मिळकत कर १० हजार, दुरुस्ती ८ हजार वजा करा. हातात उरले ९५ हजार. साडेत्रेचाळीस लाखांवर सव्वादोन टक्केसुद्धा नाहीत. महिन्याला आठ हजारांच्या आसपास.

बाबांनी साठी ओलांडली असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के मिळतात, एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत. त्याचे दर तिमाहीला ६१,५०० खात्यात येतात. टँकर नाही, भाडेकरू नाही, गळती नाही.

आणि कर्ज काढून भाड्यावर हप्ता फेडू असं कुणी सांगत असेल तर तेही मोजा. ३० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं, हप्ता साधारण २६ हजार. भाडं १३. उरलेले १३ हजार दर महिन्याला खिशातून.

घर घेऊ नका असं म्हणत नाही. पण दरमहा उत्पन्न हाच हेतू असेल तर घर हे त्याचं पहिलं साधन नाही. घराची किंमत वाढेल आणि भाडंही महागाईबरोबर वाढेल, या दोन गोष्टींसाठी घर घ्यायचं.

मांजराकाठ
हिशेबनीस, राग कसला, हे घरात कुणीतरी सांगायलाच हवं होतं. रात्री बाबांना आकडे वाचून दाखवले. त्यांनी वहीत उतरवून घेतले.

त्यांचं म्हणणं असं की योजनेची मुदत संपते, घर राहतं, आणि पुढे माझ्या मुलीला शिकायला पुण्याला जायचं झालं तर ते उपयोगी पडेल. मला वाटतं दोन्ही करावं. बाबांचे ३० लाख योजनेत, आणि घर माझ्या व भावाच्या पैशांतून, थोडं कर्ज काढून. म्हणजे घराचं भाडं हे आई-बाबांचं एकमेव उत्पन्न राहणार नाही, आणि घर रिकामं राहिलं तरी त्यांचा महिना अडणार नाही. बजेट आता ४० पर्यंत खाली आणते.

सहावा_मजला, नळाचं वाचून अंगावर काटा आला. २०१६ साली आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. पाण्याचे हाल असलेल्या ठिकाणी मी घर घेणार नाही आणि दुसऱ्याला तिथे राहायलाही सांगणार नाही. तर पाण्याच्या हिशेबानं पुण्याचे कुठले भाग बरे?

नगर_रोड
मी वाघोलीत राहतो, म्हणून आधी आमच्या भागाबद्दल. वाघोली २०२१ मध्ये इतर २२ गावांबरोबर पुणे महापालिकेत आली. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावं आली होती: धायरी, आंबेगाव, उंड्री, केशवनगर, लोहगावचा उरलेला भाग वगैरे. हद्दीत आली म्हणजे पाणी आलं, असा अर्थ लावू नका. कर महापालिकेचा सुरू होतो, जलवाहिनी पोचायला वर्षं जातात. बऱ्याच प्रोजेक्टना परवानगी देताना महापालिकेनं बिल्डरकडून हमीपत्र घेतलेलं असतं की पालिकेचं पाणी मिळेपर्यंत तो पाणी पुरवेल. सोसायटी ताब्यात आली की ते ओझं रहिवाशांच्या मेंटेनन्समध्ये येतं.

पण वाघोलीला सरसकट नावं ठेवू नका. खराडीचा आयटी पार्क जवळ, अभियांत्रिकी महाविद्यालयं इथेच, त्यामुळे भाडेकरू कधी कमी पडत नाहीत. अडचण दोनच, नगर रस्त्यावरची कोंडी आणि पाणी. काही सोसायट्यांनी पाण्याचं नियोजन उत्तम केलंय, काहींनी केलेलं नाही. एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी दोन्ही प्रकार सापडतील. भागापेक्षा सोसायटी बघा.

वाकडची_वाट
पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. पण ते पालिकेचं, नळाला येणारं आणि वेळ ठरलेलं. जुन्या भागात, म्हणजे निगडी, आकुर्डी, चिंचवड इथे टाक्या मोठ्या असलेल्या सोसायट्यांना त्याचा फार त्रास होत नाही. पुनावळे, ताथवडे, वाकडच्या नव्या टॉवरना उन्हाळ्यात टँकर लागतातच. मी ताथवड्याचं नाव सुचवलं होतं खरं, पण पाणी ही पहिली अट असेल तर जुन्या भागाकडे वळा.

मुठाकाठ
पाणी कमी हा एक प्रश्न, पाणी घरात शिरणं हा दुसरा. बाहेरगावच्या लोकांना हा दुसरा प्रश्न दिसत नाही, कारण ते घर बघायला डिसेंबर-जानेवारीत येतात आणि तेव्हा नदी म्हणजे एक ओहोळ असतो.

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरांत आणि पार्किंगमध्ये पाणी भरलं. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, सहकारनगर, अरण्येश्वर, कात्रज या बाजूला माणसं गेली, गाड्या वाहून गेल्या. तो नदीचा नव्हे, ओढ्याचा पूर होता. म्हणून ब्लू लाइन आणि रेड लाइन, म्हणजे नदीच्या पूररेषा, तर बघाच, पण आसपास ओढा किंवा नाला कुठून जातो आणि तो कुठे बुजवलाय तेही बघा.

इंद्रायणीकाठी चिखलीत मे २०२५ मध्ये ३६ बंगले पाडले. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशावरून, कारण बांधकाम निळ्या पूररेषेच्या आत होतं. लोकांनी प्लॉट घेऊन, पैसे भरून बांधलेली घरं होती ती. चिखली, मोशी, कासारवाडी, दापोडी, सांगवी, सिंहगड रस्ता, मुंढवा, कुठेही नदीजवळ बघत असाल तर पूररेषेचा नकाशा आधी.

आणि जानेवारी २०२५ मध्ये किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखवलं गेलं. हा पट्टा खडकवासला धरणाच्या पायथ्याशी आहे. धरण दिसतंय म्हणजे शुद्ध पाणी मिळतंय असं समजू नका. पाण्याचं शुद्धीकरण कुठे होतं, हा प्रश्न सोसायटीत विचारा.

प्रवासी_पक्षी
म्हाडाची लॉटरी का बघत नाही? स्वस्त पडेल.

वकिलीण
म्हाडाचं घर लॉटरीत लागलं तर पाच वर्षं विकता येत नाही. शिवाय लॉटरी कधी लागेल याचा नेम नाही. ज्यांना स्वतः राहायचंय त्यांच्यासाठी ती घरं आहेत, त्यांच्यासाठीच राहू देत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मांजराकाठ, तुमच्या बजेटात ज्या जाहिराती येतील त्यातल्या एका प्रकारापासून फार सावध राहा. नऱ्हे, धायरी, आंबेगाव, मांजरी, फुरसुंगी, चिखली या भागांत वन बीएचके बाजारभावापेक्षा आठ-दहा लाखांनी कमी मिळतो असं दिसेल. त्यातल्या बऱ्याच इमारती गुंठेवारीच्या, म्हणजे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवर, मंजूर नकाशाशिवाय उभ्या आहेत. दिसायला नव्या, लिफ्ट आहे, टाइल्स चकचकीत. व्यवहार साठेखत आणि कुलमुखत्यारपत्रावर होतो. ओळखायचं सोपं आहे. राष्ट्रीयीकृत बँक कर्ज देते का ते विचारा. एजंट म्हणाला की फक्त अमुक पतसंस्थाच देते, तर तिथून निघा. तुम्हाला कर्ज नको असलं तरी हा प्रश्न विचारा.

रिसेल घर घेताना माझ्या अशिलांकडून मी मागवते ती कागदं: मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, भोगवटा पत्र म्हणजे ओसी, आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना-थकबाकी पत्र, मिळकत कराची पावती, आणि कर्ज असल्यास बँकेचं पत्र. शोध अहवाल ३० वर्षांचा, तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून. एजंटनं दिलेला वकील नको.

सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे मालकी सोसायटीकडे देणं, झालंय का तेही विचारा. नसेल तर घर घेऊच नये असं नाही, पण पुढे पुनर्विकासाच्या वेळी तो अडसर होतो.

बांधकाम चालू असलेलं घर घेणार असाल तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाका. पूर्ण करण्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली, प्रकल्पावर खटले किती, सगळं दिसतं. बांधकामाधीन घरावर जीएसटी लागतो, परवडणाऱ्या गटात १ टक्का, एरवी ५. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर लागत नाही. भाड्यासाठी मी तयार आणि राहतं घरच सुचवते, कारण भाडं पुढच्या महिन्यापासून चालू होतं.

अजून एक. घर आईच्या किंवा तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर महिलांना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पुरुषाचं नाव जोडलं तर नाही.

हिशेबनीस
वकिलीणताईंच्या शेवटच्या मुद्द्यानं ४० लाखांवर ४० हजार वाचले. भावाचे पैसे घरात घालणार असाल तर नाव कुणाचं हे आधी भावंडांत नीट बोलून घ्या. ४० हजारांसाठी पुढे नात्यात किंतु नको.

पुणे महापालिका हद्दीत आणखी एक खर्च लपलेला आहे. मालक स्वतः राहत असेल तर मिळकत करात ४० टक्के सवलत मिळते. भाड्यानं दिलं की ती जाते. एजंट तुम्हाला आत्ताच्या मालकाची सवलतीची पावती दाखवेल, त्यावर हिशेब करू नका.

सोसायटी_सचिव
दुसरी बाजू मांडतो. आमच्या २१० फ्लॅटच्या सोसायटीत जवळपास निम्मे भाडेकरू आहेत.

घर घेण्याआधी सोसायटी कार्यालयात जाऊन सचिवाला किंवा मॅनेजरला भेटा. विचारा: एकट्या मुलांना, मुलींना घर देऊ देता का? शिफ्ट होताना काय पैसे घेता? नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क, किती? हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, शासनाचा २००१ चा आदेश आहे. तरी काही सोसायट्या मनमानी करतात. अशी सोसायटी बाहेरगावच्या मालकाला पुढेही त्रास देते.

बॅचलरना बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही, पण प्रत्यक्षात अनेक ठिकाणी अलिखित नियम असतो. तुमचा भाडेकरू विद्यार्थी असणार असेल तर हे आधी कळायला हवं. आमच्याकडे बॅचलर राहतात, आणि थकबाकी त्यांच्यापेक्षा घरमालकांचीच जास्त आहे.

बाहेरगावच्या मालकांचा आमचा अनुभव सांगतो. ज्यांनी भाडेकरूचा नोंदणीकृत करार आणि पोलिसांकडची नोंद वेळेवर दिली, त्यांच्या घराला कधी अडचण आली नाही. मालक फोनसुद्धा उचलत नाही, वरच्या घरात पाणी गळतंय आणि खालचा माणूस आमच्या दारात, असं झालं की सगळ्यांचेच हाल.

दूरदेशी
मी सिंगापूरला असते, पिंपळे सौदागरला फ्लॅट आहे. परदेशस्थ मालक असेल तर भाडेकरूनं दर महिन्याच्या भाड्यातून टीडीएस, म्हणजे मालकाचा आयकर, कापणं बंधनकारक आहे, उपकर धरून ३१.२ टक्के, भाडं कितीही कमी असलं तरी. नोकरदार भाडेकरू त्या कटकटीत पडायला तयार नसतात, दोन चांगली कुटुंबं त्याच कारणानं परत गेली. तुम्ही भारतातच आहात, तुम्हाला हे लागू नाही. पण धागा वाचणाऱ्या परदेशातल्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवा.

आणि घर विकणारा परदेशस्थ असेल तर खरेदीदारालाही मोठा टीडीएस कापावा लागतो. विकणारा कुठे राहतो ते आधी विचारा.

तळवडे
इतका वेळ वाचत होतो. माझा सगळा जन्म भोसरी-तळवडे-निगडी या पट्ट्यात गेला, वडील कारखान्यात होते, मीही आहे.

तुम्हाला कळकळीनं सांगतो, एकाच प्रकारच्या नोकरीवर जगणाऱ्या भागात पैसे घालू नका. २०२० मध्ये आयटीच्या लोकांनी घरून काम सुरू केलं आणि हिंजवडी-वाकडच्या सोसायट्या महिन्याभरात ओस पडल्या. लोक सामान टेम्पोत भरून आपापल्या गावी गेले, भाडं निम्म्यावर आणूनही कुणी मिळेना. त्याच वेळी आमच्याकडे कारखाने काही आठवड्यांत पुन्हा सुरू झाले आणि कामगार परत आले. उलटही घडतं. वाहन उद्योगात मंदी आली की चाकणच्या वन आरकेंचे टू-लेटचे बोर्ड लागतात.

म्हणून जिथे तीन-चार प्रकारचे भाडेकरू येतात तिथे बघा. आकुर्डी घ्या. लोकलचं स्टेशन आहे, पुणे-लोणावळा गाडीनं विद्यार्थी आणि नोकरदार दोन्ही येतात. महाविद्यालयं आहेत. भोसरी, चाकण, तळवड्याच्या कंपन्यांच्या बस निगडीच्या चौकातून सुटतात. जुना मुंबई रस्ता आहे. मेट्रो पिंपरीहून निगडीपर्यंत नेण्याचं काम मंजूर आहे. पण मेट्रोसाठी म्हणून जास्त पैसे मोजू नका, ती नसतानाही आमच्याकडे भाडेकरू होते.

इथे जुन्या, चार मजली, साध्या सोसायट्यांत तुमच्या बजेटात घरं निघतात. मेंटेनन्स कमी. दिसायला काही खास नाहीत, पण माझ्या माहितीत तिथलं घर क्वचितच महिनाभर रिकामं राहतं. प्राधिकरणाच्या, म्हणजे पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाच्या, जागेवरची घरं असतील तर जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते, हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क लागतं. ते शुल्क कोण भरणार हे व्यवहाराआधी लिहून घ्या.

चाकणला मात्र बाहेरगावच्या माणसानं घेऊ नये असं माझं मत. भाडेकरू भरपूर, पण वर्षातून दोनदा बदलतात. जवळ राहणारा मालकच ते सांभाळू शकतो. मोशीत घेणार असाल तर कचरा डेपोपासूनचं अंतर बघा आणि पावसाळ्यात संध्याकाळी जाऊन या. तीच गोष्ट उरुळी-फुरसुंगीच्या डेपोची.

सहावा_मजला
तळवडे यांच्याशी सहमत. मी आता जिथे राहतो तो चिंचवडचाच भाग आहे. तीन वर्षांत भाडं दोनदा वाढलं तरी घर सोडलं नाही, कारण मुलाची शाळा, मंडई आणि स्टेशन तिन्ही चालत. मालक सोलापूरला असतात. नळ बिघडला की मी दुरुस्त करून पावती पाठवतो, ते भाड्यातून वळते करतात. असा भाडेकरू टिकवायचा असेल तर दरवर्षी एजंटच्या सांगण्यावरून दहा टक्के वाढवू नका.

मांजराकाठ
तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू. घरी सगळं वाचून झालं. आईनं तर तळवडे यांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला.

आमचं असं ठरतंय. बाबांचे ३० लाख बचत योजनेत. घर माझ्या आणि भावाच्या पैशांतून, आईच्या नावावर, भावाशी आणि वहिनीशी स्पष्ट बोलून झालंय. भाग आकुर्डी, निगडी, चिंचवड, रिसेल, पंचेचाळीस मिनिटांच्या आत दोन वेगवेगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांची ठिकाणं हवीत. वाघोलीतल्या पाण्याचं नियोजन असलेल्या दोन सोसायट्याही नगर_रोड यांनी व्यक्तिगत निरोपात कळवल्यात, त्याही बघेन. पुढच्या महिन्यात दोन रात्री मुक्काम करून येणार आहे, म्हणजे खिडक्यांतले दिवेही बघता येतील.

दोन शंका उरल्यात. जुन्या इमारतीत धोका किती, कसं ओळखायचं? आणि लातूरला बसून भाडेकरार कसा करायचा?

सोसायटी_सचिव
पहिल्या शंकेचं उत्तर. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. त्याचा शेवटचा अहवाल मागा. देत नसतील तर झालेलं नाही असं समजा. गच्चीवर जा, वॉटरप्रूफिंग बघा. पार्किंगमधल्या खांबांकडे बघा, प्लास्टर फुगून गंजकी सळी दिसत असेल तर खर्च जवळ आलाय. सोसायटीचा दुरुस्ती निधी किती जमलाय तेही विचारा, नाहीतर घर घेतल्यावर पहिल्याच वर्षी वर्गणीचं पत्र येईल.

वकिलीण
दुसऱ्याचं मी सांगते. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे नेहमीचा भाड्याचा, करार ११ महिन्यांचा असो की २४, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं. नोंदणीकृत करार संपूनही कुणी घर सोडलं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तेवढ्या काळासाठी दुप्पट भाडं लागतं.

नोंदणी ऑनलाइन होते. आधार आणि अंगठ्याचा ठसा लागतो. ठसा घेणारा माणूस लातूरलाही मिळेल, आई लातूरला आणि भाडेकरू पुण्यात वेगवेगळ्या वेळी ठसे देऊ शकतात. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, डिपॉझिट बिनव्याजी असेल तर त्यावरच्या व्याजाची रक्कम धरून. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. घर आईच्या नावावर घेताय, तर आईचं आधार मोबाइलशी जोडलेलं आहे का ते आजच तपासा. आणि बोटांचे ठसे उमटतात का तेही बघा, वयस्कर माणसांचे बऱ्याचदा उमटत नाहीत. तसं असेल तर तुमच्या किंवा भावाच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून ठेवा, म्हणजे दर ११ महिन्यांनी आईंना त्रास नको.

तळवडे
आकुर्डीला याल तेव्हा कळवा ताई. रविवारी मला सुट्टी असते. स्टेशनपासून चालत सगळ्या गल्ल्या दाखवतो, आईंनाही घेऊन या.